दोन बाटल्यांसाठी सोलापूर

सोलापूरला माणसं चादरी घ्यायला जातात, सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात, मुलीचं लग्न ठरवायला जातात. मी थुंकी आणायला गेलो होतो. दोन माणसांची, दोन बाटल्या. घरी सांगितलं, सरकारी दौरा आहे. कचेरीत सांगितलं, साडूच्या मुलाची मुंज आहे. साडूला मुलगाच नाही, दोन मुली आहेत. पण अबोल माणसाच्या साडूची चौकशी कुणी करत नाही, हा अबोलपणाचा एक फायदा.

पुण्यातल्या एका क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं तंत्रज्ञ आहे. गावोगावच्या केंद्रांतून रोग्यांची थुंकी बर्फाच्या पेटीतून आमच्याकडे येते. तिच्यात जंतू आहे का, आणि असला तर कोणत्या औषधानं मरतो, कोणत्या औषधाला जुमानत नाही, हे आम्ही सांगायचं. त्यासाठी जंतूला आधी वाढवावं लागतं, आणि हा जंतू खाण्याच्या बाबतीत मोठा चोखंदळ. त्याला ताजी अंडी लागतात. अंडी फोडून घोटायची, त्यात हिरवा रंग घालायचा, नळ्यांत ओतून आडव्या ठेवून ढोकळ्यासारख्या वाफवायच्या. माझ्या घरी अंड्याचं टरफलही चालत नाही आणि मी रोज डझनावारी अंडी फोडतो. काही नळ्यांत औषध मिसळायचं, काहींत नाही. औषधाच्या नळीतही जंतू उगवला की समजायचं, हा बेटा बिलंदर आहे, हे औषध त्याला प्रसादासारखं पचतं. दोन महिने जंतू उगवायला, वर महिना औषधं तपासायला. आमच्याकडे घाई करून उपयोग नसतो.

आता गुन्हा. एकदा सोलापूरच्या पेटीतला बर्फ वितळला होता आणि दोन बाटल्यांची कागदी लेबलं सुटून पाण्यावर तरंगत होती. एक मंगळवेढ्याच्या दत्तोबांचं, दुसरं सोलापूरच्या भवानी पेठेतल्या गौराक्कांचं. कोणतं कुठलं, मला कळेना. नियमाप्रमाणे दोन्ही बाटल्या टाकून नवे नमुने मागवायला हवे होते. पण वीस वर्षांत माझी एकही चूक निघाली नव्हती, आणि ही कीर्ती मला बायकोमुलांपेक्षा प्यारी झाली होती. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. अंदाजानं लेबलं चिकटवली, वर अंगठा दाबला आणि चहा प्यायला गेलो.

तीन महिन्यांनी निकाल लागला. दत्तोबांचा जंतू गरीब, सगळ्या औषधांना शरण. गौराक्कांचा जंतू मुख्य गोळीला दाद न देणारा. आठवड्याभरात केंद्राचं पत्र आलं: बाईंचा दीड वर्षाचा उपचार संपत आला होता, तब्येत सुधारली होती, पण आपल्या अहवालामुळे येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी त्यांना दूरच्या सॅनेटोरियममध्ये सहा-आठ महिन्यांसाठी पाठवत आहोत. ते पत्र मी तीनदा वाचलं. अंगठा दुखायला लागला. जंतू दत्तोबांचा असेल तर? बरी झालेली बाई सॅनेटोरियममध्ये आणि न बरा होणारा माणूस शेतात, असं माझ्या एका अंगठ्यानं केलं असेल तर?

साहेबांना सांगायचं धैर्य झालं नाही. रजेचा अर्ज देण्याइतकंच झालं.

सोमवार, सोलापूर

ऐन जानेवारीत गेलो, म्हणजे सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरलेली. एकाही लॉजमध्ये खोली नाही. शेवटी एका ठिकाणी जत्रेतल्या जादूगाराच्या खोलीत दुसरी खाट मिळाली. माझ्याजवळ बर्फाची लाकडी पेटी होती, खांद्याला पट्टा लावलेली, पांढरी रंगवलेली. जत्रेच्या गावात अशी पेटी घेऊन फिरणाऱ्या माणसाला जग एकाच नावानं ओळखतं.

"ओ कुल्फीवाले! कशी दिली?"

स्टेशनपासून लॉजपर्यंत मला सातजणांनी विचारलं. आठव्याला मी चिडून म्हणालो, "कुल्फी नाही, रिकामी आहे." तर तो म्हणाला, "संपली पण? भारी हाय की धंदा!" जादूगारानंही पेटीकडे एकदा बारकाईनं पाहिलं आणि धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला विचारतो तसं हळूच विचारलं, "खालून फट आहे का?"

रात्रीच्या जेवणाला कडक भाकरी आली. आमच्या पुण्यात भाकरी म्हणजे मऊ, वाफाळती, नवी नवरी. ही पापडासारखी वाजते. पहिला घास मोडला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून पाहिलं. बरोबर शेंगाची चटणी आणि दही. तीन भाकरी संपवल्या. पापी माणसाला भूक लागत नाही म्हणतात, ते खोटं आहे.

मंगळवार, मंगळवेढा

एस.टी.नं मंगळवेढ्याला गेलो. काळी जमीन आणि ज्वारीच ज्वारी, कणसं डोक्याच्या वर. दत्तोबा रानातच होते. पासष्टीचे, लाल मुंडासं. मी म्हणालो, पुण्याहून आलोय, नेहमीची तपासणी आहे, थुंकी पाहिजे.

"म्हंजे यवड्यासाटी तुमी पुन्यास्नं आला?"

"हो."

"पोस्टानं धाडली असती की!"

बाटली पुढे केली. दत्तोबांनी ती निरखून पाहिली, छाती भरून घेतली, आणि पाखरं उडाली असा खाकरा काढला. बाटली अर्ध्यावर भरली. "आनकी पायजे का? लाजू नका." मी नको म्हणालो. "न्हाय, लांबनं आलाय म्हून म्हनलं."

नंतर मला सोडेनात. हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, तळहातावर चोळायची, कोवळे हिरवे दाणे गरमागरम खायचे. मी विचारलं, गोळ्या नियमित घेता का? दत्तोबांनी सुनेकडे हात केला. "ती दारात हुबी ऱ्हाती. गिळल्याबगर भाकर देत न्हाय. तोंड उगडून दाव म्हनती! सासऱ्याला!" सून पदराआड हसत होती. दत्तोबा अंगानं भरलेले दिसत होते. न बरं होणाऱ्या माणसासारखे काही दिसत नव्हते, आणि हे पाहून मला बरं वाटायच्या ऐवजी गोंधळायला झालं. मग तो बिलंदर जंतू कुणाचा?

बुधवार, भवानी पेठ

गौराक्कांचं घर बोळात शेवटचं. पुढे ओटा, आत दोन खोल्या, बाजूच्या घरातून हातमागाचा खटक-खटक आवाज. चाळिशीची बाई, कपाळावर विभूती, हातात सूप. मला पाहताच म्हणाल्या, "आमाला नको कुल्फी. थंडी हाय."

मी कोण ते सांगितलं. एकदम चेहरा उतरला, तरी तोंडातून आलं, "बर्री, बर्री, या, बसा की." त्या घरीच कडक भाकरी आणि चटणी करून विकत. पुण्याच्या अहवालाची बातमी बोळात फिरल्यापासून गिऱ्हाईक बंद. भाकऱ्यांची चळत कोपऱ्यात तशीच उभी होती. मालक, म्हणजे यजमान, गिरणीत पाळीला गेलेले. सोमवारी जायचं म्हणून ट्रंक भरून ठेवलेली.

"सहा महिने सांगतेत. मी नसल्यावर ह्या घरात चूल कोण पेटवणार वो? बरी झाले म्हणून नारळ फोडले होते मी."

मी खाली पाहिलं. म्हणालो, अक्का, अजून एकदा तपासू. बाटली दिली. त्यांनी घेतली, तोंडापाशी नेली, आणि आमच्या कचेरीतल्या घड्याळासारखा बारीक आवाज काढला. बाटली कोरडी.

"अक्का, नीट खोका."

"खोकला यायला पायजे की! दीड वरस औषध घेतले तुमचंच. खोकला घालवला तुमीच. आता म्हणता खोका!"

मी बाटली पुन्हा पुढे केली. तोवर ओट्यावर बायका जमल्या. एकीनं चिंच चाटायला सांगितली. दुसरी म्हणाली, पळव तिला. गौराक्का बोळाच्या टोकापर्यंत पळून आल्या, मी बाटली घेऊन मागे, आणि आमच्यामागे चार पोरं "कुल्फी, कुल्फी" करत. धाप लागली, खोकला नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "मिरच्या भाज गं. मेलेला खोकतो."

लोखंडी तव्यावर लाल मिरच्या पडल्या. धूर उठला. पहिला मी खोकलो. मग म्हातारी, मग बायका, मग पोरं, मग बोळातनं जाणारा एक सायकलवाला सायकलसकट. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आणि गौराक्का धुराच्या मधोमध शांत बसून उलथन्यानं मिरच्या परतत होत्या.

"वीस वरस चटणी करते मी," त्या म्हणाल्या. "मिरचीला वळख हाय माझी."

तेवढ्यात हातमागाची खटक-खटक थांबली आणि भिंतीपलीकडून एक खोकला आला. मी माणसं फारशी ओळखत नाही. पण खोकला ओळखतो. आमचा मिरचीचा खोकला सगळा गळ्यातला, वरवरचा. हा खालून येत होता, खोल विहिरीतून भरलेली बादली ओढत आणावी तसा, थांबत, पुन्हा ओढत. मी डोळे पुसले.

"पलीकडे कोण आहे?"

गौराक्का तव्याकडे पाहू लागल्या. बायका एकेक करून निघाल्या. म्हातारीला अचानक दूध उतू जाण्याची आठवण झाली.

"अक्का, मागच्या खेपेला खोकला कसा आला होता?"

त्यांनी तवा चुलीवरून उतरवला. मग त्या म्हणाल्या, "नाही आला."

"मग बाटलीत काय होतं?"

"आता बघा. केंद्रात बाटली दिली. उद्या सकाळी आणून द्या म्हणाले. दिवस उगवायच्या आत उठून बसले, खोकले खोकले, काय येत नाही. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत कसं द्यायचं? तुमच्यात देतात?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्यातही चिमूटभर साखर तरी घालतात."

"मग! मी साखरच घालणार होते आधी. पलीकडच्या मल्लेशमची बायको म्हणाली, अक्का, साखर घेऊन काय करतील ते? बेडका पायजे त्यांना. तो आमच्याकडे हाय की लई, घेऊन जा."

मी हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. वीस वर्षं मी त्या बाटल्या उघडतोय. बाटलीवर ज्याचं नाव, आत त्याचाच जंतू, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. लेबल लावणारा चुकू शकतो एवढंच मला माहीत होतं. बाटली भरणारी बाई शेजाऱ्याकडून वाटीभर पीठ आणावं तशी थुंकी उसनी आणेल, हे आमच्या कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

गुरुवार, तिथेच

सकाळीच परत गेलो. गौराक्कांना तोंड धुण्याआधी गरम पाण्याची वाफ घ्यायला सांगून ठेवलं होतं. फार खटपटीनंतर नखाएवढा बेडका निघाला, तो त्यांनी लग्नातला अक्षतांचा मान असल्यासारखा बाटलीत ठेवला. "आता माझाच हाय, शप्पथ."

मग मल्लेशम. तिशी ओलांडलेला विणकर, मागावर बसलेला, गालांची हाडं वर आलेली. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी.

"मी दिलो सार," तो म्हणाला. "शेजारच्याला नाही कसा म्हणू? अक्का आमच्या पोरींना रोज भाकरी देते."

"गोळ्या घेता का तुम्ही?"

"घेतो की. ताप आला की दुकानातनं आणतो. उतरला की ठेवतो. उरलेलं पुढच्या तापाला."

हीच ती गोष्ट. अर्धवट गोळ्या खाल्लेला जंतू म्हणजे एकदा काठीतून सुटलेलं कुत्रं. पुन्हा काठीला भीत नाही. मी विचारलं, केंद्रात नाव का नाही घातलं? त्यानं धोट्याशी चाळा केला. "मागाच्या मालकाला कळलं तर माग दुसऱ्याला देतो."

त्यानं बाटली भरून दिली. मागताना माझा आवाज नेहमीपेक्षा खाली गेला होता. बर्फात तीन बाटल्या ठेवल्या, नावं काचेवरच मेणाच्या पेन्सिलीनं लिहिली, आणि गाडी गाठली. गाडीत एका गृहस्थांनी, "अहो, एक कुल्फी द्या की," म्हणून पेटीचं झाकण उचललंच होतं. मी त्यांच्या हातावर चापट मारली. अनोळखी माणसाला मी आयुष्यात मारलेली ती एकच चापट.

पुणे

शनिवारी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत जाऊन काचा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. गौराक्का: निळं आकाश, एकही जंतू नाही. मल्लेशम: लाल काड्याच काड्या, काडेपेटी सांडावी तशा. हे साहेबांना सांगितल्याशिवाय सोमवारची ट्रंक थांबणार नव्हती. आणि मल्लेशमचं नाव कुठल्याच केंद्रात नव्हतं. बिनफॉर्मची थुंकी आमच्याकडे पुढे जात नाही.

साहेब आले. "काय काळे, मुंज कशी झाली?"

"मुंज नव्हती, साहेब."

मग उभ्यानंच सगळं सांगितलं. एवढं सलग मी कधी बोललो नव्हतो. मध्ये पाणी प्यावं लागलं.

"म्हणजे लेबलं तुम्ही अंदाजानं लावलीत."

"हो."

"आणि बाईंनी शेजाऱ्याची थुंकी घातली."

"हो."

"आणि आधी त्या साखर घालणार होत्या."

"हो, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी गेले. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. रागानं की हसून, हे मला आजही माहीत नाही. वळले तेव्हा चेहरा कडक होता. सोलापूरला ट्रंक कॉल लावला, गौराक्कांचं जाणं थांबवलं. मल्लेशमचा फॉर्म स्वतः भरला. मला लेखी ठपका दिला आणि लेबलांच्या कामावरून काढून अंडी फोडण्यावर टाकलं.

तीन महिने मी अंडी फोडली आणि नळ्यांकडे पाहिलं. गौराक्कांच्या नळ्या शेवटपर्यंत स्वच्छ हिरव्या. दत्तोबांच्या नळीत दोन-चार ठिपके, तेही औषधाला शरण. म्हणजे माझ्या अंगठ्यानं लावलेली लेबलं बहुतेक बरोबरच होती. राहिला मल्लेशम. एका सकाळी नळ्या उघडल्या, तर मुख्य गोळीच्या नळीत जंतू फुलकोबीच्या तुऱ्यासारखा फुललेला.

मी टाळी वाजवली.

ही खरी कबुली. लेबलांची चूक मी साहेबांना सांगितली होती. टाळी कुणाला सांगितली नाही. दोन लहान मुलींचा बाप असलेल्या माणसाच्या छातीत गोळीला न जुमानणारा जंतू आहे हे मला डोळ्यांनी दिसत होतं, आणि माझे हात आपण निर्दोष ठरलो म्हणून वाजले. नळी खाली ठेवली. मग बाकीच्या औषधांच्या नळ्या पाहिल्या. त्या रिकाम्या होत्या. उजेडात धरून पुन्हा पाहिल्या, भिंगातून पाहिल्या. रिकाम्याच. ती औषधं त्याच्यावर चालत होती.

पुन्हा भवानी पेठ

या वेळी साहेबांनीच पाठवलं, मल्लेशमला सॅनेटोरियमला पोचवायला. खराखुरा दौरा. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पुन्हा?" मी तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "साडूच्या मुलाची मुंज! निदान मुलीचं लग्न तरी म्हणायचं."

गौराक्कांच्या ओट्यावर गिऱ्हाईक उभं होतं. त्यांनी माझ्या हातात भाकऱ्यांची चळत कोंबली आणि भिंतीकडे मान केली. माग चालू होता.

अहवाल केंद्रात आधीच पोचला होता, तरी मल्लेशमला मी सगळं सांगितलं. जंतू, गोळी, सॅनेटोरियम. आणि टाळीही. ती सांगायची काही गरज नव्हती, पण आता जीभ सुटली होती. तो ऐकत होता, पाय मागाच्या पावड्यांवर.

"सापडला म्हणून टाळी वाजवलात ना?"

"नाही. मी सुटलो म्हणून."

त्यानं मान हलवली. "तुम्ही सुटलात म्हणून तर आलात, सार. अडकलेला माणूस कशाला येतो?" मग म्हणाला, "मालक माग माझ्यासाठी ठेवतो म्हणाला. अक्का जाऊन भांडली. पोरींना ती बघते म्हणते." एक तुटलेला धागा गाठला. "बरा होतो का मी?"

माझ्या डोळ्यांपुढे त्या रिकाम्या नळ्या आल्या. या वेळी अंदाजानं सांगायचं नव्हतं.

"इंजेक्शनं रोज घ्यायची. गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत, ताप असो नसो. तर बरे होता."

तो मागावरच्या चादरीकडे पाहत राहिला. मोराची नक्षी, मानेपर्यंत झालेली.

"एवढा मोर पुरा करतो," तो म्हणाला. "मग निघू."

मी पेटी खाली ठेवली आणि भाकरी मोडत वाट पाहत बसलो.